आमच्या मुलीला हे आम्हीच सांगणार आहोत

दात्याच्या शुक्राणूंच्या साहाय्याने मूल होऊ देण्याचा विचार करणाऱ्या जोडप्याने संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर आपसांत ठरवायला हवे, आणि तो प्रश्न म्हणजे हे त्या मुलाला सांगायचे की नाही. उपचाराची बाकी माहिती डॉक्टर देतात, समुपदेशक देतात, छापील पत्रकांतही असते. हा प्रश्न मात्र ‘आधी मूल तर होऊ दे, मग बघू’ म्हणून मागे ठेवला जातो आणि बहुतेक घरांत तो कायमचा मागेच राहतो. आम्ही दोघांनी सांगायचे ठरवले आहे. आमची मुलगी अजून शाळेत जात नाही. हा निर्णय घेताना आम्हाला जे वाचावे, विचारावे आणि सोसावे लागले, ते आमच्यासारख्या दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे. आमची नावे मुद्दाम देत नाही, कारण ही गोष्ट सर्वांत आधी तिची आहे आणि मोठेपणी ती कोणाकोणाला सांगायची हे तिने ठरवावे.

मी गोव्यातील फोंडा तालुक्यात राहतो आणि एका वकिलांच्या कार्यालयात काम करतो. लग्नाला दोन-तीन वर्षे होऊनही पाळणा हलला नाही की आमच्या भागात विचारणा बाईकडेच होते. देवळात कौल लावला जातो तो तिच्यासाठी, उपास तिने करायचे असतात, ओटी भरण्याच्या कार्यक्रमात तिला हळूच बाजूला बसवले जाते, आणि डॉक्टरांकडे जायची वेळ आली की तीही तिच्यावरच येते. गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी औषध सोडून काढतात तो एक्स-रे बराच दुखतो. तो झाल्यावर, सोनोग्राफ्या आणि रक्ततपासण्या झाल्यावर, कधीतरी नवऱ्याच्या तपासणीचा विषय निघतो. वास्तविक वीर्यतपासणी ही या साऱ्यांत सर्वांत सोपी, स्वस्त आणि जराही न दुखणारी तपासणी आहे आणि ती सुरुवातीलाच व्हायला हवी. आमच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत दोघांच्याही तपासण्या लिहून दिल्या, त्यामुळे माझ्या पत्नीचा पुढचा बराच त्रास वाचला. हे मी त्यांचे उपकारच मानतो.

माझ्या अहवालात शुक्राणूंची संख्या शून्य आली. एका अहवालावरून निदान करत नाहीत. काही आठवड्यांनी पुन्हा नमुना घेतला, तो यंत्रात वेगाने फिरवून तळाशी बसलेला साका सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, आणि तेव्हा ‘अझूस्पर्मिया’ हे निदान पक्के झाले. सर्वसाधारणपणे 100 पुरुषांमागे एकाला हा दोष असतो, आणि वंध्यत्वाच्या उपचारासाठी येणाऱ्या पुरुषांत त्याचे प्रमाण 10 ते 15 टक्के असते. काहींच्या बाबतीत शुक्राणू तयार होतात पण वाट बंद असल्याने बाहेर येत नाहीत. काहींच्या वृषणात ते तयारच होत नाहीत. पहिल्या प्रकारात सुईने शुक्राणू काढून इक्सी पद्धतीने, म्हणजे एकेक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडून, स्वतःचे मूल होऊ शकते. 1992 पासून जगभर असंख्य जोडप्यांना या पद्धतीने मुले झाली आहेत. दुसऱ्या प्रकारात कारण शोधावे लागते. त्यासाठी एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन ही संप्रेरके, गुणसूत्रांची तपासणी आणि वाय गुणसूत्रावरील एझेडएफ या पट्ट्याची तपासणी करतात. या पट्ट्याचे ए, बी आणि सी असे भाग आहेत. फक्त सी भाग गहाळ असेल तर शस्त्रक्रियेने शुक्राणू सापडण्याची आशा असते. ए भाग पूर्ण गहाळ असेल तर ती जवळजवळ नसतेच. माझा ए भाग गहाळ होता.

येथे एक गोष्ट पुरुष वाचकांसाठी स्पष्ट लिहितो. या दोषाचा पौरुषाशी काहीही संबंध नाही. माझे टेस्टोस्टेरॉन ठीक होते, वैवाहिक जीवन ठीक होते, तब्येत उत्तम होती. हा दोष जन्मापासून होता; तो कोणत्याही सवयीमुळे, व्यसनामुळे किंवा पापामुळे आलेला नव्हता. हे डॉक्टरांनी सांगितल्यावर पटते, पण रात्री पटत नाही. आपल्या वडिलांचा चेहरा, आपल्या आजोबांचा आवाज पुढे कोणात तरी उतरेल ही जी न बोललेली आशा प्रत्येकाच्या मनात असते, ती मावळल्याचे दुःख खरे असते आणि त्याला वेळ द्यावाच लागतो. डॉक्टरीणबाईंनी त्याच बैठकीत दात्याच्या शुक्राणूंचा पर्याय सांगितला, दत्तक घेण्याचा सांगितला, मुलाशिवाय राहण्याचाही सांगितला, आणि लगेच ठरवू नका असे बजावले. माझ्या पत्नीने मला त्यानंतर कित्येक महिने या विषयावर विचारले नाही. नवऱ्याने नाइलाजाने दिलेला होकार हा होकार नव्हे असे ती म्हणाली, आणि मला वाटते की या उपचारात यशस्वी होण्याइतकेच हे जाणणेही महत्त्वाचे आहे. जो पुरुष बायकोची ओढ पाहून, किंवा आईचा हट्ट पाहून, मनाविरुद्ध सही करतो, त्याची अढी पुढे त्या निष्पाप मुलाच्या वाट्याला येण्याचा धोका असतो.

आईला आम्ही सांगितले. ती आदोळीवर बसून नारळ खवत होती, ऐकत असताना तिचा हात थांबला नाही, आणि सगळे ऐकून झाल्यावर ती शांतपणे म्हणाली, “बाहेरचे कशाला रे? तुझा धाकटा भाऊ आहे की. घरचेच रक्त राहील.” तिच्या दृष्टीने ही अगदी सरळ आणि मायेची सूचना होती, आणि ती अनेक घरांत केली जाते हे मला नंतर समुपदेशकांकडून कळले. कायद्याने मात्र तसे करता येत नाही. दात्याचे शुक्राणू नोंदणीकृत बँकेकडूनच घ्यावे लागतात आणि दाता व जोडपे यांची एकमेकांना ओळख होऊ दिली जात नाही. ही अट मला योग्य वाटते. भाऊ त्याच अंगणात राहणार, त्याची मुले आमच्या मुलाबरोबर वाढणार, आणि शेताच्या बांधावरून कधी दोन शब्द झाले की कोणाच्या तोंडून काय निघेल याचा नेम नाही. भावाच्या मनातही उद्या त्या मुलाविषयी वेगळा ओढा निर्माण झाला तर त्याने तो कुठे ठेवायचा? मी आईला कायद्याचे कारण सांगितले तेव्हा तिने खवलेला चव ताटात काढला आणि एवढेच म्हटले, “मग डॉक्टर सांगतात तसे करा.”

हा कायदा म्हणजे 2021 चा सहाय्यक जननतंत्रज्ञान विनियमन कायदा, जो 25 जानेवारी 2022 पासून लागू झाला. त्याआधी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2005 ची मार्गदर्शक तत्त्वे होती, पण त्यांना कायद्याचे बळ नव्हते. आता शुक्राणुदाता 21 ते 55 वर्षे वयाचा असावा लागतो. त्याची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि सिफिलिस यांसाठी तपासणी होते. नमुना लगेच वापरत नाहीत. तो उणे 196 अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवून साधारण सहा महिन्यांनी दात्याची पुन्हा रक्ततपासणी करण्याची पद्धत आहे, कारण नुकताच झालेला संसर्ग पहिल्या तपासणीत सुटू शकतो. उपचार घेणारी स्त्री 21 वर्षांहून मोठी आणि 50 हून लहान असावी लागते. ती अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित असली तरी तिला हा उपचार घेता येतो. मुलगा की मुलगी याची निवड करणे हा गंभीर गुन्हा आहे.

या कायद्यातील एका कलमाचे महत्त्व गोव्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्याला विशेष कळेल. एका दात्याचे शुक्राणू बँकेला एकाहून अधिक जोडप्यांना देता येत नाहीत. त्यामुळे दाते कमी पडतात, थांबावे लागते, खर्चही वाढतो, अशी डॉक्टरांची तक्रार असते आणि ती समजण्यासारखी आहे. पण आमच्याकडे सोयरीक जुळते ती पाच-पंचवीस गावांत, ओळखीच्या घराण्यांत, एकाच कुळदेवाच्या जत्रेला भेटणाऱ्या माणसांत. एकाच दात्याची अनेक मुले एवढ्याशा प्रदेशात वाढली आणि त्यांना एकमेकांचे नाते ठाऊक नसले, तर पुढे काय होऊ शकते ही भीती आम्हा दोघांनाही रात्री झोपू देत नव्हती. समुपदेशकांनी ते कलम वाचून दाखवले तेव्हा माझ्या पत्नीने सुटकेचा निःश्वास टाकला.

उपचाराविषयी फार लिहीत नाही, कारण तो तुलनेने साधा आहे. पत्नीच्या गर्भनलिका मोकळ्या होत्या, म्हणून आयव्हीएफची, म्हणजे शरीराबाहेर बीज फलित करण्याची, गरज न पडता आययूआयवर, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्यावर, भागले. बीज वाढावे म्हणून गोळ्या, मग सोनोग्राफी करून बीजकोशाची वाढ पाहणे, तो 18 ते 20 मिलिमीटरच्या आसपास पोहोचला की बीज बाहेर पडावे म्हणून एचसीजी या संप्रेरकाचे इंजेक्शन आणि त्यानंतर साधारण 36 तासांनी शुक्राणू गर्भाशयात सोडणे, असा तो क्रम असतो. दर खेपेला यश येतेच असे नाही. यशाची शक्यता मुख्यतः स्त्रीच्या वयावर अवलंबून असते. पस्तिशीनंतर ती घटत जाते आणि चाळिशीनंतर झपाट्याने घटते, म्हणून नवऱ्याने मन तयार करायला वेळ घ्यावा हे खरे असले तरी तो वेळ बायकोच्या वयातून जातो याचे भान दोघांनीही ठेवावे. आमच्या काही खेपा वाया गेल्या. खाजगी दवाखान्यांचा खर्च सर्वांना झेपत नाही. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात 2023 साली वंध्यत्वावरील असे उपचार मोफत देण्याची सोय सुरू झाली, हे गरजूंनी ध्यानात ठेवावे.

एक क्षण मात्र तपशिलाने लिहितो. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ मुलीने द्रव नायट्रोजनच्या पिंपातून चिमट्याने एक कुपी वर काढली. ती माझ्या अर्ध्या बोटाएवढी होती आणि तिच्यावर पांढरे हिव जमले होते. तिने ते गॉजने पुसले, त्याखालचा क्रमांक एकेक अंक करून मोठ्याने वाचला, आणि मी हातातल्या कागदावरील क्रमांकाशी तो ताडून पाहिला. मग तिने मला त्या नोंदीखाली सही करायला सांगितले. त्या कुपीत जे होते ते माझे नव्हते. पण ते खरे आहे, योग्य आहे, आमच्यासाठीच आणलेले आहे, याची खात्री करून घेण्याचे काम माझे होते. बाप होण्याची सुरुवात माझ्यापुरती त्या सहीपासून झाली असे मी मानतो.

वकिलांच्या कार्यालयात माझ्या हाताखालून इन्व्हेंटरीचे, म्हणजे मयताचे वारस आणि मालमत्ता ठरवण्याचे, कितीतरी कागद जातात. म्हणून मुलीच्या हक्काचा प्रश्न माझ्या मनात आधी आला. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा आहे आणि आज उत्तराधिकारासाठी राज्याचा 2012 चा स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार माणसाला आपल्या वाट्याच्या मालमत्तेपैकी अर्धाच भाग मृत्युपत्राने हवा त्याला देता येतो, उरलेला अर्धा मुलाबाळांसाठी राखीव असतो. अशा व्यवस्थेत ‘हे मूल त्याचे नव्हेच’ असे म्हणणारा एखादा चुलत नातलग उद्या उभा राहिला तर? जननतंत्रज्ञानाच्या कायद्याच्या 31 व्या कलमाने हे दार बंद केले आहे. या उपचाराने झालेले मूल त्या जोडप्याचे जैविक मूलच मानले जाते, अमलात असलेल्या कोणत्याही कायद्याखाली नैसर्गिक अपत्याला मिळणारे सर्व हक्क त्याला मिळतात, आणि दात्याचे पालकत्वाचे सर्व हक्क संपुष्टात येतात. जन्मदाखल्यावर वडील म्हणून माझेच नाव आहे. बारशाला भटजींनी गोत्र विचारले, आम्ही आमचे सांगितले, आणि त्यावर आईनेही काही म्हटले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. गुप्ततेच्या नावाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो असे मला वाटते. दात्याची ओळख गुप्त ठेवणे हे कायद्याने ठरवलेले आहे. ती माहिती अशा दवाखान्यांच्या आणि बँकांच्या राष्ट्रीय नोंदणीव्यतिरिक्त केवळ न्यायालयाच्या आदेशाने, किंवा वैद्यकीय निकड असल्यास जोडप्याच्या विनंतीवरून, उघड होऊ शकते. शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणि गणगोताला न सांगणे हा आमचा अधिकार आहे, आणि तो आम्ही वापरतो. आई, भाऊ आणि वहिनी यांच्यापलीकडे हे कोणाला ठाऊक नाही. पण ज्या व्यक्तीच्या शरीराची ही हकिगत आहे तिच्यापासूनच ती लपवण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला? दात्याच्या शुक्राणूंनी गर्भधारणा झाल्याचा पहिला ज्ञात प्रसंग 1884 मधील फिलाडेल्फियाचा आहे. तेथील डॉक्टर विल्यम पॅनकोस्ट यांनी एका स्त्रीला भूल देऊन तिच्या नकळत हे केले. तिच्या नवऱ्याला नंतर सांगितले, तिला मात्र सांगितलेच नाही, आणि ही गोष्ट 1909 मध्ये छापून आली. आज दोघांच्या लेखी संमतीशिवाय उपचार होत नाही आणि शुक्राणू गर्भाशयात सोडण्याच्या क्षणापर्यंत ती संमती मागे घेता येते. त्या स्त्रीवर जो अन्याय झाला तो आज कोणालाही अन्यायच वाटेल. मग जाणण्याचा तोच हक्क मुलाला का नसावा?

याला एक अगदी व्यवहाराची बाजूही आहे. माझे वडील हृदयविकाराने गेले, काकांना मधुमेह आहे. आमच्या मुलीला उद्या डॉक्टर विचारतील, “वडिलांच्या बाजूला कोणाला काय आहे?” आणि तिला हे ठाऊक नसेल तर ती प्रामाणिकपणे चुकीचे उत्तर देईल. त्या उत्तरावरून तपासण्या ठरतील, कदाचित औषधेही. शिवाय घरबसल्या लाळेचा नमुना पाठवून डीएनए तपासून घेता येण्याच्या काळात हे कायमचे झाकून राहील असे मानणे धोक्याचे आहे. अशी गोष्ट तिला विसाव्या वर्षी एखाद्या अहवालातून, किंवा भांडणात कोणा नातलगाच्या तोंडून कळली, तर तिला दात्याविषयी काही वाटण्याआधी आमच्याविषयी वाटेल, की या दोघांनी माझ्याशी इतकी वर्षे खोटेपणा केला.

केंब्रिज विद्यापीठातील सुझन गोलोम्बोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दात्याच्या बीजापासून आणि सरोगसीतून झालेल्या मुलांचा त्यांच्या बालपणापासून विशीपर्यंत पाठपुरावा केला. ज्यांना सात वर्षांच्या आत हे सांगितले गेले होते, त्यांचे आईशी संबंध मोठेपणी अधिक निकोप होते आणि त्यांच्या आयांच्या मनावरचा ताणही कमी होता, असे त्यांना 2023 मध्ये दिसून आले. स्वीडनने तर 1985 पासूनच अशा मुलांना मोठेपणी दात्याची ओळख जाणून घेण्याचा हक्क दिला, आणि ब्रिटनने 1 एप्रिल 2005 पासून अनामिक दान थांबवले. भारतात तसे नाही. माझे मत विचाराल तर दात्याचे नाव नको, पण त्याच्या घराण्यातील आजारांची माहिती मुलाला अठराव्या वर्षी मागता यावी एवढी तरतूद आपल्याकडे व्हायला हवी.

आम्ही सुरुवात केली आहे. रात्री झोपवताना माझी पत्नी तिला तिच्या जन्माची गोष्ट सांगते: “आईच्या पोटात बाळ यायला एक बी लागते. बाबांकडे ते बी नव्हते. मग एका भल्या माणसाने दिले, डॉक्टरमावशीने ते आईच्या पोटात ठेवले, आणि तू आलीस.” तिला यातले काय कळते हे सांगता येत नाही, सध्या तिला डॉक्टरमावशीच्या पिशवीत काय काय होते एवढेच जाणून घ्यायचे असते. परंतु समुपदेशकांनी सांगितले होते की या वयात सांगण्याचा सराव खरा आईवडिलांना होतो. पहिल्या वेळी ‘बाबांकडे नव्हते’ हे शब्द ऐकताना माझा घसा दाटून आला होता. आता हे वाक्य मीही सहज म्हणतो. ती मोठी होईल तसे प्रश्न बदलतील, कदाचित राग येईल, कदाचित त्या माणसाविषयी कुतूहल वाटेल, आणि त्या कुतूहलाने माझे पितृत्व कमी होत नाही हे मला तोपर्यंत मनोमन पक्के ठाऊक असायला हवे. तिला मुभा देण्याची तयारी माझी मी करायची आहे.

अशा उपचाराला निघालेल्या जोडप्यांना एक काम नेमाने करायला सांगेन. संमतिपत्राची प्रत, दवाखान्याचा आणि बँकेचा नोंदणी क्रमांक, कुपीवरचा क्रमांक, दात्याचा रक्तगट आणि तपासण्यांविषयी जी काही माहिती दिली जाते ती, हे सर्व मागून घ्या आणि एका फायलीत ठेवा. दवाखाना आणि बँक यांना नोंदी किमान दहा वर्षे ठेवणे बंधनकारक आहे आणि नंतर त्या राष्ट्रीय नोंदणीच्या मध्यवर्ती संग्रहात जातात. परंतु दवाखाने बंद होतात, डॉक्टर निवृत्त होतात, आणि कायदे बदलतात. उद्या कायद्याने मुलांना काही विचारण्याचा हक्क दिला, तर कोठे विचारायचे हे तिच्या हाती असले पाहिजे. आमची फाईल घराच्या आणि जमिनीच्या कागदांबरोबर एकाच कपाटात आहे, आणि ती कोणाची आहे हे वर तिच्या नावाने लिहून ठेवले आहे.